एक मीटर, दोन चुली आणि उन्हाळ्याचे बिल

प्रश्न : आम्ही हुडकेश्वर भागात राहतो. सासऱ्यांनी बांधलेले दुमजली घर आहे. खाली मी, माझे यजमान, दोन मुले आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. वर धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. चुली वेगळ्या आहेत, पण वीजमीटर एकच आणि तोही सासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. बिल दोन्ही घरे निम्मे-निम्मे भरतात. या मे महिन्यात हाती पडलेले बिल ६१२ युनिटचे आहे आणि त्यावरून घरात वाद पेटला आहे. वर दीड टनाचा एसी आहे, खाली आमच्याकडे एक कूलर. मी एकदा बोलून गेले, तर जाऊ म्हणाली, "आमच्या एसीवरच सगळ्यांचा डोळा." तेव्हापासून सासूबाई दुपारी आपणहून कूलर बंद करून बसतात. यजमानांना वाटते की मीटरच पळतो. सिलिंडर नऊशेच्या पुढे गेला म्हणून इंडक्शन शेगडी घ्यावी, असाही विचार आहे. सोलरवाला येऊन गेला. तो म्हणतो, पाच किलोवॉट लावा, बिल शून्य. सुरुवात कुठून करावी? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर :

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी, तुम्ही ओघात सांगून गेलात त्या एका गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे. सासूबाईंचा कूलर आजच सुरू करा आणि दुपारी तो बंद करायचा नाही, हे घरातल्या सर्वांच्या देखत ठरवून टाका. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू आहे, पारा ४५ अंशांच्या आसपास आहे आणि हवेचे तापमान चाळिशीच्या वर गेले की नुसता पंखा अंगावर गरम वाराच फेकतो. त्याने वृद्ध माणसाच्या शरीराला गारवा मिळत नाही, उलट शरीरातले पाणी लवकर आटते. उष्माघात केवळ उन्हात फिरणाऱ्यालाच होतो असे नाही. स्लॅबच्या बंद घरात, भिंती तापलेल्या असताना, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो होतो. आता त्याचा हिशेबही पाहा. साध्या कूलरचा पंखा आणि पाण्याची मोटर मिळून सुमारे २०० वॉट वीज घेतात, म्हणजे दुपारी पाच तास कूलर चालला तर जेमतेम एक युनिट जळते आणि महिन्याचे तीस युनिट होतात. तुमच्या घरातला वाद ६१२ युनिटचा आहे. त्यातली सर्वांत गरजेची तीस युनिटे वाचवण्याचे काम घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंनी अंगावर घेतले आहे. त्यांनी ते बिलासाठी केलेले नाही, भांडण थांबावे म्हणून केले आहे, आणि म्हणूनच ते थांबवण्याची जबाबदारी तुम्हा चौघांची आहे.

कूलरचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. त्यात पाणी भरताना प्लग काढलेला असलाच पाहिजे आणि घराचे अर्थिंग तपासलेले असले पाहिजे, कारण कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. दुसरे म्हणजे, कूलर लावून खोली बंद करून घेणे ही चूक अनेक घरांत होते. कूलर आत ढकलतो तेवढी हवा समोरच्या खिडकीतून बाहेर गेली नाही, तर खोली गार होण्याऐवजी दमट होते आणि मग "कूलर काम करत नाही, एसी घेऊ" या निष्कर्षावर घर येऊन पोहोचते. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार इतकी कोरडी असते की खस स्वच्छ असेल आणि हवेला वाट असेल तर कूलर उत्तम चालतो. मृगाचा पाऊस पडल्यावर मात्र तोच कूलर निरुपयोगी होतो आणि ते त्याच्या तत्त्वातच आहे.

आता मीटर पळतो की नाही, ते पाहू. तुमच्या यजमानांची शंका गैर नाही, पण ती तपासणे अगदी सोपे आहे. एखाद्या सकाळी घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. काहीच चालू नसताना तो लुकलुकत असेल, तर घरात कुठेतरी गळती आहे, वायरिंगमध्ये दोष आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाची तरी जोडणी आहे. तो शांत राहिला, तर सलग आठवडाभर रोज एकाच वेळी रीडिंग लिहून ठेवा. बिलही नीट वाचा. त्यावर मीटरच्या रीडिंगचे छायाचित्र असते, मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो आणि बिल किती दिवसांचे आहे तेही कळते. रीडिंग न घेता सरासरीने काढलेले बिल आणि नंतर एकदम आलेले मोठे बिल हा प्रकारही घडतो. तेव्हा मागचे दोन महिने पाहिल्याशिवाय या महिन्याविषयी मत बनवू नये. आणखी एक गोंधळ उन्हाळ्यात हमखास होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल पाठवते. तो वीजवापराचा आकार नव्हे. ती तुमच्या नावे जमा राहणारी ठेव आहे आणि तिच्यावर व्याज मिळते. पुष्कळ घरांत ही दोन्ही बिले एकत्र मोजून "यंदा बिल दुप्पट आले" असा गवगवा होतो. इतके करूनही शंका उरली, तर शुल्क भरून मीटर तपासणीसाठी अर्ज करता येतो. मीटर "हळू करून देतो" म्हणणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ती वीजचोरी आहे आणि गुन्हा ग्राहकावरही दाखल होतो.

माझा अंदाज मात्र असा आहे की मीटर बरोबर आहे. तुमच्या पत्रातल्या आणि अशा घरात सहसा असणाऱ्या उपकरणांवरून मी ढोबळ बेरीज केली. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर रोजचे आठेक युनिट, म्हणजे महिन्याचे अडीचशेच्या आसपास. खालचा कूलर दिवस-रात्र मिळून बारा तास धरला तर सत्तर-पंचाहत्तर. दोन फ्रिजचे मिळून नव्वद. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. असे चार पंखे रोज पंधरा तास फिरले की १३५ युनिट होतात, आणि हा आकडा बहुतेकांना खोटा वाटतो, कारण पंख्याकडे खर्च म्हणून कोणी पाहतच नाही. टाकीत पाणी चढवणारी मोटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर, दिवे यांचे पन्नास-साठ. बेरीज सहाशेच्या घरात जाते. चोर बाहेरचा नाही.

मग बिल एवढे जड का लागते? त्याचे उत्तर युनिटच्या संख्येपेक्षा टप्प्यांत आहे. घरगुती ग्राहकाला महाराष्ट्रात चार टप्प्यांत दर लागतो : पहिले १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. गेल्या काही वर्षांची दरपत्रके पाहिली तर दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून अधिक आहे आणि शेवटच्या टप्प्याचा तिपटीहून अधिक. त्यावर वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाचा खर्च बदलल्याने लागणारा) आणि १६ टक्के वीज शुल्क येते. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी दरमहा लागणारी रक्कम, वेगळा. "तीनशेच्या वर गेले की सगळीच युनिटे महाग होतात" असे अनेक जण सांगतात, ते खरे नाही. पहिली शंभर युनिटे सर्वांना स्वस्तच मिळतात. महाग होतात ती वरची. याचा व्यावहारिक अर्थ असा की तुमच्या घरात वाचवलेले प्रत्येक युनिट सर्वांत महाग दराचे असते. ६१२ मधून ११२ कमी झाली, तर सर्वांत वरचा टप्पा पूर्ण गळून पडतो. म्हणजे घरातला वापर निम्मा करण्याची गरज नाही. वरची शे-दीडशे युनिटे कुठून कमी होतील, एवढेच शोधायचे आहे.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आमच्या गच्चीवर आणि वीज मात्र महाग, ही नागपूरकरांची तक्रार मी नेहमी ऐकतो आणि तिच्यातला राग मला समजतो. परंतु दर गावावर ठरत नाहीत. महावितरणचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग संपूर्ण राज्यासाठी एकच ठरवतो आणि त्यात कोळशाच्या किमतीबरोबर वीजप्रकल्पांचा स्थिर खर्च, पारेषण, गळती आणि कृषिपंपांना दिलेल्या सवलतीपैकी उद्योग, व्यापार आणि जास्त वीज वापरणाऱ्या घरांवर टाकलेला वाटा, हे सगळे येते. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जनसुनावणी घेतो आणि लेखी हरकती मागवतो. ज्यांना राग व्यक्त करायचा आहे त्यांनी तो तिथे व्यक्त करावा, कारण चौकातल्या रागाची नोंद आयोगाच्या आदेशात होत नाही.

आता तुमच्या घराच्या खऱ्या अडचणीकडे येतो. एका मीटरवर दोन कुटुंबे असली की स्वस्त टप्पा एकदाच मिळतो. तुमचे सहाशे युनिट दोन मीटरवर विभागले गेले असते, तर शंभरऐवजी दोनशे युनिट सर्वांत स्वस्त दराने लागले असते आणि पाचशेच्या वरचा टप्पा कोणालाच लागला नसता. स्थिर आकार तेवढा दोनदा भरावा लागला असता. उन्हाळ्यात हा फरक चांगलाच जाणवण्याइतका मोठा असतो. स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मात्र खरोखर स्वतंत्र असलेल्या घरालाच आहे. एकाच कुटुंबाने टप्पा वाचवण्यासाठी दोन मीटर दाखवणे नियमात बसत नाही आणि तपासणीत ते उघडे पडते. तुमच्या चुली वेगळ्या आहेत. वरच्या मजल्याचा जिना आणि दार स्वतंत्र असेल, दोन्ही मजल्यांचे वायरिंग वेगळे करता येत असेल आणि मालकीची कागदपत्रे नीट असतील, तर तुमच्या भागातल्या महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज करण्यात काहीच गैर नाही.

त्याला वेळ लागेल. तोपर्यंत घरातल्या घरात एक साधा सब-मीटर बसवून घ्या. परवानाधारक इलेक्ट्रिशियन वरच्या मजल्याच्या लाइनवर तो लावून देईल. त्यामुळे वीज स्वस्त होणार नाही, पण कोणी किती वापरली हे कळेल आणि निम्म्या-निम्म्याचा वाद संपेल. इथे मी स्पष्टच लिहितो : आजची निम्मी वाटणी तुमच्यावर अन्याय करणारी आहे, पण तुमची जाऊही दोषी नाही. वरचा मजला दिवसभर उन्हात भाजतो. रात्री दहा वाजताही त्या स्लॅबला हात लावून पाहा. खाली ज्या कूलरवर तुमची झोप होते, तो वर अपुराच पडेल. एसी हा त्यांचा शौक नाही, त्या मजल्याची ती गरज आहे. तेव्हा बोलताना "तुमचा एसी" असा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. विषय तुम्ही दोघींनी काढण्यापेक्षा दोघा भावांनी काढावा, बिल समोर ठेवून काढावा आणि तोही रात्री उशिरा, घामाघूम अवस्थेत काढू नये. प्रस्ताव इतकाच असावा : सब-मीटर बसवू, दर रविवारी दोन्ही मजल्यांचे रीडिंग वहीत लिहू, बिल त्या प्रमाणात वाटून घेऊ आणि आईच्या कूलरची युनिटे दोघांत मिळून धरू. शेवटची अट माझी आहे आणि ती वगळू नका. आई दोघांची आहे, तर तिच्या गारव्याचा खर्चही दोघांचाच असला पाहिजे.

एसीचा वापर कमी करण्याचे उपाय जाऊबाईंना उपदेश न वाटता सांगता आले, तर तेही सांगा. एसी १८ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा समज चुकीचा आहे. यंत्र त्याच वेगाने चालते, फक्त थांबत नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजानुसार प्रत्येक अंश वाढवल्यावर सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि तारांकित एसी २०२० पासून सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतील असे बंधन आहे, ते त्याचसाठी. २६ अंश आणि सोबत मंद पंखा, एवढ्यावर बहुतेकांना झोप लागते. जाळी दर पंधरवड्याला धुतली पाहिजे. नागपूरच्या धुळीत ती लवकर बुजते. पण सर्वांत मोठी बचत एसीत नाही, गच्चीवर आहे. स्लॅबला चुन्याचा जाड पांढरा हात किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग दिला, तर वरची खोली निश्चितपणे कमी तापते आणि कॉम्प्रेसरला मधून मधून विश्रांती मिळते. चुना आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मारला जातो. तो पावसाने धुऊन जातो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो, एवढाच त्याचा दोष. हा खर्च दोन्ही घरांनी मिळून करावा, कारण खालच्या मजल्यालाही त्याचा थोडा उपयोग होतोच.

पंख्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण खालच्या मजल्यावर बचतीची खरी जागा तीच आहे. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा त्याच वाऱ्यासाठी ३० वॉटच्या आसपास वीज घेतो. रोज पंधरा तास फिरणारा एक जुना पंखा बदलला, तर महिन्याला सुमारे वीस युनिट वाचतात. चारही पंखे एकदम बदलायला धावू नका. सासूबाईंच्या खोलीतला आणि बैठकीतला, जे सर्वांत जास्त फिरतात, ते आधी बदला. ज्या खोलीत कोणी दिवसातून तासभर बसते, तिथला जुना पंखा मरेपर्यंत तसाच चालू द्या. मोबाइलचे चार्जर काढून ठेवणे, टीव्हीचा लाल दिवा बंद करणे असल्या सूचना सगळीकडे दिसतात. त्या चुकीच्या नाहीत, पण त्यांनी ६१२ चे ६१० होतील आणि घरात दिवसभर एकमेकांवर पहारा मात्र बसेल. एलईडी दिवे तुमच्याकडे असतीलच. फ्रिजच्या दाराचे रबर ढिले झाले असेल तर बदला आणि तो भिंतीपासून थोडा पुढे ओढा. हिवाळ्यात गिझर वापरत असाल तर तो अंघोळीच्या वेळेपुरताच चालू ठेवा. दोन किलोवॉटचा गिझर सकाळभर चालू राहिला, तर डिसेंबरचे बिलही मेसारखे दिसू लागते.

इंडक्शनचा विचार तूर्त सोडून द्या. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची उष्णता आणि गॅसच्या शेगडीवर वाया जाणारा भाग लक्षात घेतला, तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला १४० ते १५० युनिट वीज लागते. सिलिंडरला नऊशे रुपये धरले तर युनिटमागे सहा-सव्वासहा रुपये झाले. म्हणजे सगळे आकार आणि शुल्क धरून वीज त्याहून स्वस्त मिळत असेल तरच इंडक्शन परवडते. तुमच्या घरात उन्हाळ्यात वाढणारे प्रत्येक युनिट सर्वांत महाग टप्प्यात पडणार, आणि त्या दराने एका सिलिंडरचा स्वयंपाक दोन हजारांच्या वर जाईल. देशातला निम्म्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस आयात होतो, त्यामुळे त्याचा भाव आखाती बाजारावर हलत राहणार हे खरे. तरीही आजच्या दरांत तुमच्यासाठी गॅसच स्वस्त आहे. गॅस वाचवायचाच असेल तर डाळ-तांदूळ आधी भिजवून कुकरमध्ये एकत्र शिजवणे आणि बर्नरची छिद्रे स्वच्छ ठेवणे, या जुन्या सवयींची बचत इंडक्शनपेक्षा अधिक होईल. घरात कोणी उज्ज्वला योजनेची किंवा लाडकी बहीण योजनेची लाभार्थी असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली होती. आपली जोडणी त्यात बसते का, हे गॅस एजन्सीत विचारून घ्या. त्यासाठी जोडणी त्या बाईच्या नावावर असावी लागते.

सोलरचा प्रश्न मी शेवटी घेतला, कारण त्यात सर्वांत मोठा पैसा आहे आणि घाईही तिथेच होते. नागपूरच्या उन्हात छतावरचा सोलर चांगला चालतो, याबद्दल वाद नाही. एक किलोवॉट क्षमतेतून वर्षभराच्या सरासरीने महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. मे महिन्यात ऊन प्रखर असूनही पॅनल अतिशय तापल्याने त्याचे उत्पादन थोडे घटते, आणि आषाढ-श्रावणात ढगांमुळे ते बरेच घटते. म्हणून हिशेब नेहमी वर्षाचा करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॉटना ७८,००० रुपये मिळतात आणि पाच लावले तरी ७८,०००च. सोलरवाल्याने पाचाचा आग्रह का धरला हे मी सांगू शकत नाही, पण वरच्या दोन किलोवॉटवर तुम्हाला एक रुपयाही अधिक मिळणार नाही. तुमच्या बिलावरच्या तक्त्यातून बारा महिन्यांची युनिटे मिळवा आणि बाराने भागा. उन्हाळ्यात सहाशे असली तरी थंडीत तुमच्याकडे दोनशेच्या खालीच जात असतील, म्हणजे सरासरी तीनशेच्या आसपास येईल, आणि तेवढ्याला तीन किलोवॉट पुरतात.

"बिल शून्य" हे शब्दशः घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेली युनिटे वापरातून वजा होतात आणि उरलेली पुढच्या महिन्यात जातात, पण स्थिर आकार राहतोच. दुसरे, जे विक्रेते सहसा सांगत नाहीत : बॅटरी नसलेला सोलर वीज गेली की बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी तो तसाच बनवलेला असतो. भारनियमनात किंवा वादळी पावसात तुमचे पंखे त्यावर फिरणार नाहीत. पॅनल देशात बनवलेलेच हवेत, विक्रेता योजनेच्या यादीतला हवा, आणि अनुदान तुमच्या खात्यात थेट येते. ते "आम्हीच वळते करून घेतो" म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. गच्चीवर तीन किलोवॉटसाठी सुमारे तीनशे चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. कुरडया, पापड आणि सांडगी मिरच्या वाळवायची जागा त्यात जाणार असेल, तर सांगाडा उंच करून घ्या. त्याचा खर्च वाढतो, पण खाली सावली पडून स्लॅबही कमी तापतो.

तरीही मी तुम्हाला या उन्हाळ्यात सोलर लावा असे सांगणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. वेगळे मीटर आणि सोलर हे दोन्ही उपाय त्याच महागड्या वरच्या युनिटांवर काम करतात. मीटर वेगळे झाले की ती महागडी युनिटे बहुतांशी आपोआप जातात. मग खालच्या मजल्याचा वापर इतका कमी दिसेल की तीन किलोवॉटचा खर्च वसूल व्हायला कितीतरी अधिक वर्षे लागतील. उलट दोन्ही भाऊ एकाच मीटरवर राहून मिळून सोलर लावायचा म्हणत असतील, तर वेगळ्या मीटरची खटपट कशाला? विक्रेता आजचे ६१२ युनिटचे बिल समोर ठेवून बचत दाखवतो आणि आपण मीटर वेगळा करण्याची बचत मनात वेगळी धरतो. एकच बचत दोनदा मोजली जाते. शिवाय सोलर एका जोडणीशी बांधलेला असतो. तो आधी बसवला आणि मग मीटर वेगळा करायचे ठरले, तर गच्ची दोघांची, पण युनिटे एकाच्या बिलात, असा नवा वाद तुम्ही स्वतः उभा कराल. मला विचाराल तर, दोन चुली कायमच्याच वेगळ्या राहणार असतील तर आधी मीटर वेगळे करा आणि एक पूर्ण वर्ष रीडिंग पाहून मग सोलरचा विचार करा.

या दोन्हींच्या आधी एक काम आहे, ते इतकी वर्षे राहून गेले आहे. मीटर सासऱ्यांच्या नावावर असेपर्यंत अनुदान आणि स्वतंत्र जोडणी या दोन्ही बाबतींत अडचण येईल. नावबदलाचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो. त्याला मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. वारसांत सासूबाई आहेत, दीर आहेत, नणंदा असतील तर त्याही आहेत. ज्या घरात बिलावरून बोलाचाली झाली आहे, तिथे "मीटर आमच्या नावावर करायचा आहे, सही करा" हे वाक्य कसे ऐकले जाईल, याची कल्पना तुम्हाला आहेच. म्हणून मीटर सासूबाईंच्या नावावर करण्याचा प्रस्ताव ठेवा. त्याला कोणी नाही म्हणणार नाही, आणि पुढे वरच्या मजल्याची नवी जोडणी दिरांच्या नावावर घेताना हाच कागद उपयोगी पडेल.

राहिले हे चालू बिल. वाद मिटेपर्यंत ते अडवून ठेवू नका. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरले तर एक टक्का सूट मिळते आणि उशीर झाला तर विलंब आकार लागतो. एकदम भरणे जड जात असेल, तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून हप्ते मागता येतात. रीडिंगच चुकीचे निघाले, तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. रक्कम वादात असेल तेव्हा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरण्याची सोय कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे, आणि तशी भरल्यावर पुरवठा तोडता येत नाही. एरवीही थकबाकीसाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, म्हणून "आज रात्री वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा" असा संदेश मोबाइलवर आला, तर तो फसवणुकीचा समजा आणि सासूबाईंनाही तसे सांगून ठेवा. तक्रारीची दखल घेतली गेली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. लोकपालांचे एक कार्यालय नागपुरातच असल्याने त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही.